काळीच्या रानातील कॅमेऱ्याचा डोळा

उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरील घनदाट अरण्याचा मुलूख. काळी नदी याच तालुक्यात उगम पावते आणि येथील व्याघ्र प्रकल्पही आज तिच्याच नावाने ओळखला जातो. दांडेली अभयारण्य व अणशी राष्ट्रीय उद्यान मिळून २००७ साली हा प्रकल्प झाला. २०१५ साली त्यास काळीचे नाव मिळाले.

या रानात वाघांची मोजदाद करावयाची, तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंस झाडांच्या बुंध्यांना लहान कॅमेरे बांधून ठेवतात. उबदार देहाचा प्राणी समोरून गेला की कॅमेरा आपोआप चित्र टिपतो. एका वाघाचे पट्टे दुसऱ्याशी जुळत नाहीत. इतकेच काय, त्याच वाघाची डावी कूस उजवीसारखी नसते. पट्टे स्पष्ट उमटले तरच वाघाची ओळख पटते. ते पुसट आले, तर तो रानात असूनही हिशेबात येत नाही. तेव्हा चित्र स्वच्छ कशाने येते, हा प्रश्न येथे केवळ हौसेचा राहत नाही.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मची जागा सिलिकॉनच्या एका चकतीने घेतली आहे. तिला सेन्सर म्हणतात. तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात आणि प्रत्येक घर आपल्यावर पडलेला प्रकाश साठवून त्याचे विजेत रूपांतर करते. पावसात अंगणभर वाट्या मांडून ठेवाव्यात, तसाच हा प्रकार. मुसळधार पावसात सर्व वाट्या सारख्याच भरतात. पण भुरभुर असली, तर एकीत पाच थेंब पडतात, शेजारचीत नऊ. प्रकाशाचेही तसेच आहे. एका घरात दहा हजार प्रकाशकण पडले, तर चढउतार शंभरच्या आसपास, म्हणजे शेकडा एक. कण शंभरच आले, तर चढउतार दहाचा, म्हणजे शेकडा दहा. अंधुक चित्रावर रवाळ ठिपके दिसतात, ते मुख्यतः या चढउतारामुळे.

आता या अंगणाचे माप पाहू. खिशात मावणाऱ्या पुष्कळशा कॅमेऱ्यांत सेन्सर जेमतेम सहा मिलिमीटर रुंद व साडेचार मिलिमीटर उंच असतो. जुन्या फिल्मची चौकट छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरची, म्हणजे क्षेत्रफळाने सुमारे तीसपट. जाहिरातीत मात्र मिरवतो तो मेगापिक्सेलचा आकडा, अर्थात घरांची संख्या. त्याच इवल्याशा अंगणात बारा दशलक्षांऐवजी वीस दशलक्ष वाट्या मांडल्या, म्हणून पाऊस अधिक पडत नाही. प्रत्येक वाटी तेवढी लहान होते. काही कॅमेरे तर घरे कमी असूनही मधले बिंदू अंदाजाने भरतात आणि मोठा आकडा दाखवितात. त्या अंदाजाने वाघाचा एकही पट्टा वाढत नाही.

कारागिरांनी यावर उपायही शोधले. प्रत्येक घरावर सूक्ष्म भिंग बसवून आजूबाजूचा प्रकाश आत वळविला. पूर्वीच्या रचनेत विजेच्या तारा घरांच्या वरून जात व प्रकाश अडवीत. चकती उलटी करून तारा खाली नेल्या, तेव्हा तो अडथळा दूर झाला. असे सेन्सर २००९ पासून बाजारात आले आणि लहान कॅमेऱ्यांची अंधारातील दृष्टी पुष्कळच सुधारली.

रात्रीच्या कॅमेऱ्याची गंमत आणखी निराळी. माणसाच्या डोळ्यास न दिसणारे अवरक्त किरण सिलिकॉनला दिसतात. दिवसा ते रंग बिघडवितात, म्हणून सेन्सरपुढे गाळणी असते. रात्री ती बाजूस सरते, अवरक्त दिवा लागतो आणि कृष्णधवल चित्र उमटते. काळीच्या रानात काळा बिबट्याही वावरतो. दिवसा त्याच्या काळ्या कातडीत ठिपके लपून जातात. अवरक्त प्रकाशात ते उघडे पडतात. मलाया द्वीपकल्पात बहुतेक बिबटे काळेच. तेथील अभ्यासकांनी कॅमेऱ्याचा उजेड जाणणारा भाग झाकून त्यास दिवसाही रात्र भासविली आणि ठिपक्यांवरून एकेक बिबट्या ओळखला. हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

तथापि अवरक्त दिवा मंद पडला, तर सेन्सरला प्रकाश साठविण्यास अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात चालता वाघ पुढे सरकून त्याचे पट्टे फरकटतात. म्हणूनच वाघांच्या मोजणीत पांढऱ्या झोताचे कॅमेरे पसंत केले जातात. झोत क्षणभराचाच, पण प्रकाश भरपूर.

शहरातील दुकानात कॅमेरा निवडणाऱ्यानेही रानातला हा धडा ध्यानी ठेवावा. घरे किती, हे विचारण्यापूर्वी अंगण केवढे, हे विचारावे. भिंग किती प्रकाश आत घेते, तेही पाहावे. मोठा आकडा डब्यावर शोभतो. संध्याकाळी घरात काढलेल्या लेकराच्या छायाचित्रात चेहरा ओळखू येतो, तो मात्र सेन्सरवर पडलेल्या प्रकाशामुळे.