छपरावरची वीज आणि कपाटातील कागद



सूर्यशक्ती हा विषय आपल्याकडे नवा नाही. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव भडकले, तेव्हा परक्या तेलावर विसंबण्याची किंमत देशाला कळली. १९८२ मध्ये केंद्र सरकारने अपारंपरिक ऊर्जास्रोतांचा स्वतंत्र विभाग काढला. १९९२ मध्ये त्याचे मंत्रालय झाले. वडीलधाऱ्यांना सवलतीच्या सूर्यचुली आणि गोबरगॅसचे खड्डे आठवत असतील. त्यांतले कितीतरी पुढे बंद पडले. अनुदानातून यंत्र आले, पण ते दुरुस्त करणारा गावात नव्हता. जनावरे विकली गेली तेथे शेणही उरले नाही.

आता छपराकडे वळू. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू झाली. एक कोटी घरे, ७५,०२१ कोटी रुपये आणि २०२६-२७ पर्यंतची मुदत, असा तिचा आराखडा. एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार, तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. एक किलोवॅटची पॅनेले स्वच्छ उन्हात दिवसाला साधारण चार युनिटे देतात, म्हणजे महिन्याला सुमारे १२०. दिवसा उरलेली वीज तारेतून वीज कंपनीकडे जाते व बिलातून वजा होते.

‘मुफ्त बिजली’ या शब्दांनी मात्र फसू नये. अनुदान संयंत्र बसवून, तपासणी होऊन, मग बँकेत जमा होते; तोपर्यंतचा पैसा स्वतःचा किंवा कर्जाचा. आणखी एक गोष्ट विक्रेते क्वचितच सांगतात. बॅटरी नसेल तर बाहेरची वीज गेली की छपरावरचीही बंद होते, मग ऊन कितीही असो. हा दोष नव्हे. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर आपली वीज जाऊ नये म्हणून तशी व्यवस्था केलेली असते.

आता आपल्या घरांचे खरे दुखणे. अर्ज वीजग्राहकाच्या नावाने होतो. आपल्या कित्येक घरांत मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, आणि आजोबांना जाऊन वीस वर्षे झाली. घर चार भावांत एकत्र, वारसनोंद झालेली नाही. नावांचा घोळ तर विचारूच नका! बिलावर महंमद, आधारवर मोहम्मद, बँकेत नुसते एम.डी. एवढ्याशा फरकाने काम अडून बसते. सरकारने लाख रुपये देऊ केले तरी ते कोणाच्या खात्यात टाकायचे? तेव्हा विक्रेत्याला बोलावण्याआधी वारसनोंद करावी, वीज कंपनीकडे नावबदलाचा अर्ज द्यावा आणि सगळीकडे एकच अक्षरलेखन ठेवावे. हे काम योजनेसाठीच करावे असे नाही. शिष्यवृत्तीचे अर्जही याच कारणाने परत येतात.

भाडेकरूंना यातून थेट फारसे मिळत नाही, ही योजनेची उणीवच म्हटली पाहिजे. गृहनिर्माण संस्थांना मात्र पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार रुपयांची तरतूद आहे. शाळेच्या इमारतीवर बसवावे, असे काही पालक सुचवतात. पण हे अनुदान फक्त घरगुती ग्राहकांना आहे.

दहावीनंतर काय, असे विचारणाऱ्यांना सांगावेसे वाटते की आय.टी.आय.चा इलेक्ट्रिशियनचा अभ्यासक्रम कमीपणाचा समजू नका. अशा मुलामुलींना पॅनेले बसविणे व दुरुस्त करणे शिकविण्यासाठी केंद्राने २०१५ मध्ये सूर्यमित्र प्रशिक्षण सुरू केले. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, पण त्यासोबतचा इन्व्हर्टर त्याआधीच बिघडतो. धूळ वरचेवर धुवावी लागते, सैल जोड तपासावे लागतात. गोबरगॅसच्या वेळी नेमका हाच माणूस नव्हता.

विद्यार्थ्यांनी या सुट्टीत घरची मागील बारा महिन्यांची बिले काढून महिन्यागणिक युनिटे वहीत मांडावीत. जून ते सप्टेंबरचे आकडे वेगळे ठेवावेत, कारण ढगाळ दिवसांत पॅनेल कमी वीज देते. ती वही वडिलांपुढे ठेवावी, आणि बिलावर नाव कोणाचे आहे तेही त्याच वेळी वाचून दाखवावे.