बोट : दाखवायचं की ठेवायचं?



पुरुषसूक्तातला परमपुरुष सगळं विश्व व्यापतो आणि वर दहा बोटं उरतो. आपला 'दशांगुळे उरणे' हा वाक्प्रचार तिथला. आणि शेजारच्या चिरंजीवांना बड्या पगाराची नोकरी लागली, चालण्यात जरा ताठा आला, की आपण म्हणतो, 'स्वर्ग दोनच बोटं उरलाय त्याला!' देव दहा बोटं जास्त, माणूस दोन बोटं कमी. जुन्या मापात बारा अंगुळांची एक वीत आणि दोन वितींचा एक हात. तेव्हा मराठीच्या हिशेबाने परमेश्वर आणि गर्विष्ठ यांच्यात अंतर फक्त वीतभर!

पट्टी आली, टेप आली, तरी हे माप स्वयंपाकघरातून हललेलं नाही. धुतलेल्या तांदळांवर बोटाचं टोक टेकवायचं, पाणी पहिल्या पेराशी आलं की थांबायचं. तांदूळ जुना असला तर किंचित वर. वाटी न शोधता भात होतो. याच पेरांवर बायका तिथी मोजत आल्या. अंगठा चार बोटांच्या पेरांवरून फिरवला की बारा होतात. चैत्र ते फाल्गुन अख्खं वर्ष एका पंजात मावतं. लग्नघरच्या रुखवतात गव्हले, मालत्या, नखुले यांच्या पंगतीला बोटवे असतात. घट्ट मळलेल्या पिठाची इवलीशी गोळी बोटांनी वळायची, एक झाला की दुसरा. दुपारभर बसलं तरी ताट भरत नाही. पण त्या निमित्ताने चार जणी एकत्र बसतात आणि पाचवीच्या नावाने बोटं मोडतात.

हे बोटं मोडणं मला फार आवडतं. म्हणजे वाक्प्रचार म्हणून. दात-ओठ खाऊन 'तुझं वाटोळं होवो' म्हणत कडाकडा बोटं मोडली की तो शिव्याशाप. आणि नटूनथटून आलेल्या नातीच्या गालांवरून दोन्ही हात उतरवून आजी तेच हात स्वतःच्या कानशिलांवर दाबते, बोटं कडकड वाजतात, ती अलाबला. जितका आवाज मोठा तितकी दृष्ट जबर, असं आजी सांगणार. बोटं तीच, आवाज तोच. एकीकडे वाईट चिंतायचं आणि दुसरीकडे दुसऱ्याचं वाईट आपल्या अंगावर ओढून घ्यायचं. ऐकणाऱ्याला फरक कळतो तो आजीच्या चेहऱ्यावरून. शब्दकोशाला चेहरा नसतो, त्याची पंचाईत होते.

बोटाच्या बाबतीत खरी करामत क्रियापदाची. तोंडात घातलं तर नवल. दुसऱ्याचं धरलं तर आधार. कुणी आपल्याला बोटावर नाचवलं तर आपण त्याच्या ताब्यात. मधाचं लावलं तर आमिष. निवडणुकीच्या दिवसांत याची चव सगळ्यांनाच कळते. बोटाने चेपलं की चेपतं, ते धोरण बोटचेपं. एकाची जबाबदारी दुसऱ्यावर आणि त्याची तिसऱ्यावर गेली की 'या बोटाची थुंकी त्या बोटावर'. कुठल्याही कचेरीत दुपारी तीन वाजता याचं प्रात्यक्षिक विनामूल्य मिळतं. मुंबईहून समुद्रमार्गे कोकणात जाणाऱ्यांना 'बोट लागायची', पण ती इंग्रजीतून आलेली, स्त्रीलिंगी. ती आजच्या आपल्या पंगतीतली नव्हे.

मला तक्रार करायची आहे ती दोन क्रियापदांच्या घोळाबद्दल. बोट दाखवणं आणि बोट ठेवणं हल्ली एकाच अर्थाने वापरतात. 'चुकीवर बोट दाखवले' असं बातमीत सर्रास येतं. वास्तविक दाखवायला लांबून चालतं. गर्दीतल्या कुणाकडेही बोट करता येतं, पुरावा लागत नाही. ठेवायला मात्र जवळ जावं लागतं. वही उघडावी लागते, ओळ शोधावी लागते, आकडा चुकला असेल तर नेमका तो आकडा. म्हणूनच उत्तम कामाचं कौतुक करताना 'बोट ठेवायला जागा नाही' असं म्हणतात. 'बोट दाखवायला जागा नाही' असं कुणी म्हणत नाही. दाखवायला जागा नेहमीच असते! उरलेली तीन बोटं कुणाकडे असतात, ते सुभाषित मी मुद्दाम सांगत नाही. ते प्रत्येक समारंभात कुणी ना कुणी सांगतंच.

अंगठ्याचं नशीब मात्र विलक्षण फिरलं. अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा, साफ नकार. आता मोबाइलवर तोच अंगठा 'पोचलं, ठीक आहे' सांगतो. लिहिता न येणारा तो अंगठेबहाद्दर. दस्तावर त्याच्या नावापुढे 'निशाणी डावा अंगठा'. मग ठशांचं शास्त्र झालं. 1897 साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं आणि अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोघांनी ठशांच्या वर्गीकरणासाठी मोठं काम केलं. आधारची पहिली कार्डं 29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटली गेली. आता प्राध्यापकही सिमकार्डासाठी मुकाट अंगठा टेकवतो. निरक्षरतेची खूण होती ती ओळखीची खूण झाली. पण ज्यांचे हात आयुष्यभर विटा, सिमेंट, भांडी, विडीची पानं यांत झिजले, त्यांच्या बोटांवरच्या रेषाच पुसट होतात. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा पुन्हा पुन्हा दाबायचा आणि 'मावशी, अंगठा लागत नाही, उद्या या' हे ऐकायचं. जिने सर्वांत जास्त काम केलं, तिचीच ओळख यंत्राला पटत नाही. या व्यवस्थेत बोट ठेवायला जागा आहे, आणि ती नेमकी इथे आहे.

जाता जाता एक विनंती. लहान मुलांच्या बोटं मोजायच्या खेळात तर्जनीला 'चाफेकळी' म्हणतात. असे शब्द गावोगाव, घरोघर वेगळे आहेत. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना बोटांची नावं, बोटांच्या म्हणी विचारा आणि गावाचं नाव घालून वहीत लिहून ठेवा. कोशात नसलेलं बरंच काही त्यांच्याकडे निघेल.