दिव्यांग मुलाचे शिक्षण : दया नव्हे, हक्क

(कोल्हापूर येथील बौद्ध कुटुंबांपुढे एका वकिलाने दिलेले व्याख्यान)



आपण बुद्धाच्या धम्माला शरण आलात, तेव्हा ‘पूर्वजन्मीच्या पापामुळे या जातीत जन्म झाला’ ही शिकवण आपण झुगारून दिलीत. मग घरातील अंध, बहिऱ्या वा पायाने अधू मुलाकडे पाहून ‘त्याच्या कर्माचे भोग’ हे शब्द आपल्या मुखातून का निघावेत? जो सिद्धान्त जातीच्या बाबतीत खोटा, तो मुलाच्या बाबतीत खरा कसा?

बाल भीमरावाला साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे. आज चाकाच्या खुर्चीतील मूल शाळेच्या पायरीपाशी अडते. कारणे निराळी; परंतु बहिष्कार तोच.

याच करवीर नगरीत राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. ‘शिकून हा काय करणार?’ असे म्हणून दिव्यांग मुलाला घरी बसविणे त्या भूमीला शोभत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार सांगितले आहेत. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या अथवा विशेष शाळेत, पसंतीप्रमाणे, मोफत शिकण्याचा हक्क कलम ३१ देते. शासनाच्या अनुदानावर वा मान्यतेवर चालणाऱ्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इमारत सुगम करावी, गरजेनुसार वाजवी सोय करावी, असे कलम १६ सांगते. परीक्षेत लेखनिक, जादा वेळ, दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट यांची तरतूद कलम १७ मध्ये आहे. वाजवी सोय नाकारणे हाच भेदभाव, अशी कायद्याची व्याख्या आहे. ४० टक्के भरत नाहीत एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी दिला.

परंतु न मागितलेला हक्क कागदावरच राहतो. म्हणून प्रथम शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळवा. मुलाला नेमकी कोणती सोय हवी, ते मुख्याध्यापकांना लेखी कळवा आणि अर्जाची पोच घ्या. नकार मिळाल्यास तोही लेखी मागा. मग पुणे येथील राज्य दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. साक्षीदारांना हजर करण्याचे व कागदपत्रे मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार कायद्याने त्यांना दिले आहेत.

अर्ज लिहिताना ‘कृपा करावी’ असे लिहू नका. ‘कलम १६ व १७ नुसार सोय मिळावी’ असे लिहा. मुलींच्या बाबतीत तर अधिक जागरूक राहा. दिव्यांग मुलीचे शिक्षण घरातच प्रथम थांबविले जाते.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा आदेश आपल्या प्रत्येक मुलासाठी आहे.

जय भीम!