आपल्या हाताचा घास



ज्या मुलाची समज वयाच्या मानाने मागे राहते, त्याच्या घरी दोन वेळचे जेवण हाच मोठा प्रश्न असतो. आमचा मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत आम्ही त्याला भरवीत होतो. त्यात माया होती, तशी घाईही होती. सांडलवंड टळे, वेळ वाचे. पुढे त्याची आई चार दिवस रुग्णालयात होती. दुपारी आम्ही कामावर. शेजारणीच्या हातून तो जेवेना आणि स्वतःच्या हाताने त्याला जेवता येईना. तेव्हा आमचे डोळे उघडले. आमच्या मागे याला कोण भरवील?

मुंबईची जय वकील शाळा १९४४ सालची, पुण्याची कामायनी १९६४ सालची. अशा शाळांतून जेवण हाही एक धडाच असतो. हा धडा शेवटाकडून शिकवावा. मुलाच्या मागे बसून आपला हात त्याच्या हातावर ठेवावा. घास तोंडाजवळ नेईपर्यंत आपण, शेवटचे बोटभर अंतर त्याने. म्हणजे प्रत्येक घासाला त्याला यश येते, आणि घास हेच त्याचे बक्षीस. ते जमले की आपला हात मनगटावर, मग कोपरावर आणावा, आणि शेवटी काढून घ्यावा.

एका हाताने पोळी मोडणे सोपे नाही. आरंभी ती वरणात कुस्करून द्यावी. भात आसट असावा. ताटलीला उंच काठ, खाली ओला पंचा, म्हणजे ती सरकत नाही. चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळली की पकड बसते. बैठक ताठ, पाय टेकलेले असावेत. जेवताना वारंवार ठसका लागत असेल किंवा आवाज ओलसर येत असेल, तर गिळण्यातच दोष असण्याचा संभव असतो. तेथे घरचे उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

आणि विचारावे, ‘आधी भात की पोळी?’ २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांचा सन्मानाने जगण्याचा हक्क मान्य केला आहे. त्या सन्मानाचा आरंभ ताटापासून होतो.

आपणाकडे आमचे एकच मागणे आहे. लग्नाच्या पंगतीत अशा मुलाला कोपऱ्यात बसवू नका, आणि चार शिते सांडली म्हणून त्याच्या आईकडे पाहू नका. आमच्या मुलाच्या पानाभोवती अजून शिते पडतात. पण आता तो आपले ताट स्वतः घेतो, आणि शेजारी आमचेही मांडतो.