नजरेचा माग

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा पाठ)



लखनौच्या मराठी माणसाने सुवर्णमहोत्सवात बोलावयाचे ते भातखंडे-रातंजनकरांविषयी, असा एक संकेत आहे आणि तो सर्वस्वी योग्य आहे. मी ‘नजरेचा माग’ हा विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी, व्याख्यान दृष्ट काढण्याविषयी आहे काय, अशी शंका विचारली. विषय तितका गूढ नाही. माणूस नेमका कोठे पाहत आहे हे यंत्राने कसे ओळखतात, त्यातून काय निष्पन्न झाले आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण आपल्याच शहराच्या आसमंतात कसे घडले, एवढेच मला सांगावयाचे आहे.

मराठीत पाहण्याला क्रियापदे किती! निरखणे, न्याहाळणे, टेहळणे, डोकावणे, टक लावणे; आणि सरकारी कचेऱ्यांत ज्याची विशेष ख्याती आहे तो कानाडोळा. परंतु या सर्व शब्दांच्या मुळाशी एक समजूत आहे. नजर म्हणजे तेलाच्या धारेसारखी अखंड वाहणारी वस्तू, असे आपण धरून चालतो. वस्तुतः ती बेडकासारखी उड्या मारीत जाते. १८७९ च्या सुमारास पॅरिसचे नेत्रवैद्य एमील जाव्हाल यांनी हे वाचनाच्या संदर्भात मांडले. ओळ वाचताना डोळा सरकत नाही. तो उडी घेतो, क्षणभर थांबतो, पुन्हा उडी घेतो. थांबा साधारणपणे पाव सेकंदाचा, उडी त्याहून कितीतरी अल्प, आणि उडी चालू असताना आपणांस जवळजवळ काहीच दिसत नाही. खात्री करावयाची असेल तर घरी आरशासमोर उभे राहून आपल्याच डाव्या डोळ्याकडून उजव्या डोळ्याकडे पाहावे. डोळे हललेले आपणांस कधीच दिसणार नाहीत. शेजारी उभ्या असलेल्या पत्नीस मात्र ते स्पष्ट दिसतील.

ही धडपड कशासाठी? तर डोळ्याच्या पडद्यावरील अगदी मधला इवलासा भागच बारकावे टिपू शकतो. हात लांब करून आंगठ्याचे नख समोर धरावे. जेवढे नखाखाली झाकले जाईल साधारण तेवढेच जग एका वेळी आपणांस सुस्पष्ट दिसते. उरलेले सारे अंधुक असते, आणि ते स्पष्ट असल्याचा आभास मन निर्माण करते. म्हणून डोळ्याला सतत निवड करावी लागते आणि ती निवड टिपता आली तर मनाचा कल टिपता येईल, ही या शास्त्रामागील आशा होय.

आरंभीचे उपाय ऐकून अंगावर काटा येतो. अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस डोळा कोकेनने बधिर करून त्यावर प्लास्टरची लहानशी वाटी बसविली आणि तिला जोडलेल्या हलक्या काडीने नजरेच्या उड्या कागदावर उमटविल्या. सुदैवाने १९०१ साली रेमंड डॉज आणि क्लाईन यांनी बुबुळावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे छायाचित्र घेण्याची युक्ती काढली आणि वाचकांचे डोळे वाचले. आजचे यंत्र त्याच युक्तीचे वंशज आहे. न दिसणारा अवरक्त प्रकाश डोळ्यावर टाकतात. बाहुलीचा मध्य आणि बुबुळावर चमकणारा ठिपका यांतील अंतर कॅमेरा मोजतो. आधी चार-दोन ठरलेल्या बिंदूंकडे पाहावयास सांगून यंत्राचा मेळ जमवून घेतलेला असतो. मग तुम्ही पडद्यावर कोठे पाहता ते यंत्र सांगते. हातपाय निकामी झालेले रुग्ण या योगे नजरेने अक्षर निवडून लिहू शकतात. जाहिरातदारही याच मार्गाने गिऱ्हाइकाचा डोळा कोठे अडकतो ते पाहून घेतात. पवईच्या आयआयटीत तर वाचकाच्या नेत्रगतीवरून त्याला उपरोध कळला की नाही, हे ताडण्याचे प्रयत्न झाले आहेत. पुण्यात या यंत्राची गरज पडेल असे वाटत नाही.

परंतु ‘कोठे’ कळले म्हणजे ‘काय’ कळले असे होत नाही. अमेरिकेत चोवीस क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या प्रतिमांत गाठी शोधावयास सांगितले आणि काही प्रतिमांत मुद्दाम गोरिलाचे चित्र घातले. २०१३ साली हा प्रयोग प्रसिद्ध झाला. चोवीसपैकी वीस जणांना गोरिला दिसला नाही, आणि नेत्रगतीच्या नोंदीवरून आढळले की त्यांतील बारा जणांची नजर थेट त्याच्यावर पडली होती! ते गाठ शोधीत होते. गोरिला शोधीत नव्हते. रशियन शास्त्रज्ञ आल्फ्रेड यार्बुस यांनी याची दुसरी बाजू फार पूर्वीच दाखविली होती. रेपिन या चित्रकाराचे, अवचित घरी परतलेल्या माणसाचे चित्र त्यांनी एकाच प्रेक्षकापुढे पुनःपुन्हा ठेवले. या माणसांची वये काय असतील, असे विचारताच प्रेक्षकाची नजर चेहऱ्यांवर फिरली. कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी, असे विचारताच ती कपड्यांवर आणि सामानसुमानावर गेली. नजरेला दिशा देणारे काहीतरी आत असते. ते काही अंशी प्रश्नातून येते आणि काही अंशी शिक्षणातून.

येथे आपला उत्तर प्रदेश येतो. अलाहाबाद विद्यापीठातील रमेश मिश्र आणि त्यांचे सहकारी, तसेच फॉक ह्यूटिग यांनी साक्षर व अल्पसाक्षर प्रौढांना हिंदी वाक्ये ऐकविली आणि त्या वेळी समोरच्या चित्रांपैकी कोणत्या चित्राकडे नजर जाते ते टिपले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कानी शब्द येतो ‘मगर’. पडद्यावर मगर नाहीच. आहेत मटर, कासव आणि आणखी दोन असंबद्ध वस्तू. सुशिक्षिताचे डोळे ‘म’ ऐकताच मटरकडे झेपावतात आणि पुढचा उच्चार जुळत नाही म्हणताच तेथून निघतात. अल्पसाक्षराची नजर नादाच्या मागे लागत नाही. ती अर्थाच्या नात्याने कासवाकडे जाते. हा मंदपणा नव्हे, हे लक्षात घ्यावे. मगर आणि कासव यांचे नाते दोघांनाही सारखेच ठाऊक आहे. शब्दाचे तुकडे करण्याची खोड मात्र अक्षराने लागते.

पुढील वर्षीच्या प्रयोगाने मला अधिक विचारात पाडले. ‘आता आपणांस एक उंच दरवाजा दिसेल’ अशा धर्तीची साधी वाक्ये होती. सुशिक्षितांची नजर विशेषणावरून अंदाज बांधून, ‘दरवाजा’ हा शब्द येण्यापूर्वीच दरवाज्यावर पोचत असे. अल्पसाक्षरांची नजर तो शब्द ऐकल्यावरच वळे. म्हणजे एका सेकंदाहूनही अधिक उशिरा. पुढे काय येणार हे आधीच हेरण्याची सवय वर्षानुवर्षांच्या वाचनाने अंगी मुरते आणि आपल्या बोलण्या-ऐकण्यातही उतरते, असा याचा अर्थ मी लावतो. आता कल्पना करा. खिडकीपाशी आलेली बाई भांबावून उभी आहे. आतला लिपिक तिच्या डोक्यावरील फलकाकडे बोट दाखवून म्हणतो, ‘वर लिहिले आहे, दिसत नाही का?’ तिला फलक दिसतो. तेथे पाहावयाचे असते, हे तिच्या डोळ्याला कोणी शिकविलेलेच नसते. आम्ही अधिकारी ‘सर्वसाधारण जनतेस कळविण्यात येते की’ असा आरंभ करून ज्या सूचना काढतो त्या वास्तविक आमच्याच डोळ्यांसाठी असतात. हे माझे मत. अलाहाबादच्या संशोधकांवर त्याची जबाबदारी नाही.

तथापि डोळ्याला ही शिकवण पुढे मिळूच शकत नाही काय? याचे उत्तर लखनौने दिले आहे. शहराजवळील दोन खेड्यांतील निरक्षर प्रौढांना, ज्यांत बहुतेक तिशीतील स्त्रिया होत्या, सहा महिने देवनागरी लिहावयास-वाचावयास शिकविण्यात आले. एकवीस जणांनी हे शिक्षण घेतले. नऊ जण तुलनेसाठी शिक्षणाविना ठेवले होते. शिक्षणाच्या आधी आणि नंतर त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा आपल्या पीजीआयच्या आवारातील जैववैद्यकीय संशोधन केंद्रात घेण्यात आल्या. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शिकणारे साधारण पहिलीच्या मुलाइतके वाचू लागले होते, यात नवल नाही. नवल असे की बदल मेंदूच्या केवळ वरच्या थरात आढळला नाही. मेंदूच्या तळाशी असलेली, नजर वळविण्याशी आणि नेमके कोठे लक्ष द्यावयाचे याच्याशी संबंधित अशी अतिप्राचीन केंद्रे दृष्टीच्या केंद्रांशी अधिक एकतानतेने काम करू लागली होती. मनुष्यप्राणी बोलू लागण्याच्या कितीतरी आधीची ही केंद्रे. त्यांना तिशी उलटताना, सहा महिन्यांच्या बाराखडीने नवे वळण लागले.

अक्षरांना जागा करून देताना माणसाची चेहरे ओळखण्याची शक्ती घटते की काय, अशीही एक भीती विद्वानांत होती. याच प्रदेशातील नव्वदांहून अधिक प्रौढांच्या पाहणीवरून २०१९ साली जे प्रसिद्ध झाले त्याने ती भीती दूर केली. वाचावयास शिकल्याने चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद ओसरत नाही.

हे सर्व लखनौत व्हावे यात औचित्य आहे. वेल्दी फिशर या अमेरिकन विदुषीने १९५३ साली अलाहाबादेस प्रौढ साक्षरतेचे जे काम आरंभिले ते १९५६ साली येथे आले आणि कानपूर रोडवर लॉरी बेकर यांनी आखलेल्या वास्तूंत साक्षरता निकेतन उभे राहिले. कळसूत्री बाहुल्यांचे खेळ दाखवून तेथे अक्षराची गोडी लावीत. महाराष्ट्रात त्याच सुमारास, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली. नजरेचा माग काढणारे यंत्र त्या कार्यकर्त्यांपाशी नव्हते. परंतु पाटीवरून अडखळत फिरणारे शिकणाऱ्याचे डोळे त्यांनी समोर बसून पाहिले असतील.

आता कार्यकारिणीपुढे एक सूचना. आपल्या मंडळाचे सभागृह आठवड्याचे चार दिवस दुपारी रिकामे असते. आपणांपैकी बहुतेकांच्या घरी कामाला येणाऱ्या बायका त्या वेळी मोकळ्या असतात. त्यांची भाषा अवधी, आपली मराठी, लिपी एकच. आपल्या भगिनींपैकी निवृत्त शिक्षिका कोण कोण आहेत हे मजपेक्षा अध्यक्षांना अधिक ठाऊक आहे. शिकविण्याची भाषा अर्थात हिंदी असावी, पुस्तके साक्षरता कार्याची घ्यावीत आणि वर्ग सहा महिन्यांचा ठेवावा. त्या दोन खेड्यांना तेवढाच काळ लागला. सभागृहाच्या दारावरचा आपला सूचनाफलक तेवढा फार उंच टांगलेला आहे, तो हातभर खाली आणण्याची परवानगी मी आजच मागून ठेवतो.