काल्याची पंगत आणि इंद्रायणीचे पाणी

मी निघोजे गावचा. तळवड्याकडून इंद्रायणीचा पूल ओलांडून आलात की आमच्या गावची शीव लागते. एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला चाकणची औद्योगिक वसाहत, अशा मध्यावर आम्ही राहतो. जिथे माझ्या आजोबांनी ज्वारी काढली तिथे आज मोटारी तयार होतात. गावात मराठवाड्याची, विदर्भाची, बिहार आणि उत्तर प्रदेशाची मंडळी भाड्याच्या खोल्यांत राहतात. पण सप्ताह बसला की सारी मांडवात येतात, हे मात्र अजून टिकून आहे. आज बोलायचे आहे ते या मांडवाविषयी. सप्ताह, जत्रा, लग्न, वास्तुशांत, शाळेचे स्नेहसंमेलन, काहीही घ्या. माणसे जमतात, जेवतात, आनंद करतात आणि घरी जातात. मागे काय राहते, एवढाच माझा प्रश्न आहे.

प्रथम माझीच एक चूक सांगतो. दुसऱ्याच्या चुका सांगायला लागलो तर हे भाषण संपायचे नाही.

2011 साली आमच्या धाकट्या बहिणीचे लग्न घरच्या रानात झाले. पूर्वी गावात लग्न निघाले की देवळातली गावभांडी यायची. मोठी पातेली, पराती, ताटे, तांबे. काम झाले की घासून, मोजून परत. घरच्यांनी या वेळीही तीच आणायचे ठरवले होते. मी आडवा आलो. म्हटले, हजार माणसांची उष्टी ताटे घासणार कोण? बायाबापड्यांनी लग्नात भांडीच घासत बसायचे का? शहरात आता सगळीकडे थर्मोकोलची ताटे आणि प्लॅस्टिकचे ग्लास आहेत, स्वच्छ आणि सोपे. मी शिकलेला, त्यातून प्राध्यापक. माझे ऐकले गेले.

लग्न थाटात झाले. दुसऱ्या दिवशी सारी ताटे, ग्लास आणि द्रोण ट्रॉलीत भरून ओढ्याकाठच्या खड्ड्यात ओतली. काही दिवसांनी आमच्या चुलत्यांची, म्हणजे अण्णांची, गाय रवंथ करीना. पोट फुगले. डॉक्टरांनी खटपट केली, पण गाय गेली. पोट उघडले तेव्हा आत प्लॅस्टिकचा हा एवढा गोळा निघाला. पिशव्या होत्या, दोऱ्या होत्या आणि पांढरे तुकडेही होते. डॉक्टर म्हणाले, हे एका दिवसाचे नव्हे, कित्येक महिन्यांचे साचलेले आहे. खरेच असेल. पण पांढरे तुकडे मी ओळखले. त्यांना भाजीचा, मिठाचा वास असतो, त्या वासाला जनावर भुलते. पोटात गेलेले प्लॅस्टिक पचत नाही आणि पुढेही सरकत नाही, तिथेच राहते.

अण्णा मला रागावले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर बसून एवढेच म्हणाले, "मास्तर, तुमचं पुस्तक काय म्हणतं यावर?"

पुस्तकाने पुढे म्हटले ते असे. महाराष्ट्र सरकारने 23 मार्च 2018 रोजी अधिसूचना काढून थर्मोकोलची आणि प्लॅस्टिकची एकदा वापरून टाकायची ताटे, वाट्या, पेले यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून अशा कित्येक वस्तूंवर देशभर बंदी आली. मग प्रश्न मिटला का? छे! बाजारात कागदाची ताटे आली, वर चकचकीत चंदेरी मुलामा. कागदाचे कप आले. श्रोतेहो, त्या कपात चहा ओतला तरी कागद भिजत नाही, हे कसे? आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो म्हणून. तेव्हा नुसता कागद दिसला म्हणून फसू नका. ताट फाडून पाहा. पापुद्रा सुटून आला तर तो आपल्या कामाचा नाही.

शिक्षक मित्रांना एक विनंती. सातवी-आठवीच्या वर्गात हे गणित जरूर घाला. सप्ताहात रोज दोन वेळा पंगत, दर पंगतीला 500 माणसे. सात दिवसांची ताटे किती? 7,000. माणूस जेवताना दोनदा पाणी प्यायला आणि दर वेळी नवा ग्लास घेतला तर ग्लास 14,000. यात काल्याच्या दिवशीची मोठी पंगत धरलेलीच नाही. मुलांना आकडा काढू द्या, मग त्यांना शाळेच्या पटांगणात घेऊन जा आणि विचारा की हे सारे ठेवायचे कुठे? मुले घरी जाऊन बापाला विचारतात. आपण सांगून जे होत नाही ते पुष्कळदा असे होते.

आता नदीकडे या. ओढ्यात टाकलेले पावसाळ्यात इंद्रायणीत जाते. आपल्या गावाच्या खाली कोण आहे? आळंदी आहे. म्हणजे आपण माउलींच्या घाटाच्या वरच्या अंगाला बसलो आहोत. पुढे तुळापूरला इंद्रायणी भीमेला मिळते. भीमेला खाली मुळा-मुठेचे पाणी येऊन मिळते, मग उजनीचे धरण आणि त्यापुढे पंढरपूर. भीमेलाच तिथे चंद्रभागा म्हणतात. पाहा बरे, वारकरी पायी जातो आणि आपले सांडपाणी नदीतून जाते, आणि दोघेही जातात त्याच ठिकाणी! अलीकडे काही वर्षे कार्तिकी यात्रेच्या सुमारास आळंदीला पात्रावर पांढऱ्या फेसाचे थर दिसतात. तो फेस आपल्या पंगतीचा नव्हे, हे कबूल. शहरांचे मैलापाणी, साबण-सोड्याचे पाणी आणि कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध न होता नदीत येते, त्याचा तो फेस. ते थांबवायला सरकार हवे, महापालिका हव्यात, कारखानदार हवेत. पण त्यांना जाब विचारायला जाणाऱ्या गावाने स्वतःचा ओढा तरी मोकळा ठेवलेला असावा. नाहीतर आपण कोणत्या तोंडाने बोलणार?

तर मग जेवायचे कशावर? पहिला मान गावभांड्यांचा. घासायचे कोण, हा माझा जुना प्रश्न रास्त होता, माझे उत्तर चुकले होते. उत्तर असे की घासायचे सर्वांनी, आणि पुरुषांनी आधी. मांडवाच्या कडेला तीन मोठी टोपली किंवा टाक्या मांडाव्यात. पहिल्या पाण्यात खरकटे उतरते, दुसऱ्यात राखेने घासायचे, तिसऱ्यात विसळायचे. जेवणाऱ्याने आपले ताट आपण धुऊन पालथे घालायचे. गुरुद्वारातल्या लंगरात मोठमोठी माणसे उष्टी भांडी घासतात, त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही. आणि ते पाणी ओढ्याला सोडायचे नाही. शेजारी शोषखड्डा घ्या, नाहीतर केळीच्या आळ्यात सोडा. राखेचे पाणी केळीला चालते, सोड्याचे नको.

दुसरा मान पत्रावळीचा. पळसाला पाने तीनच म्हणतात, पण त्या तीन पानांवर आपल्या कित्येक पिढ्या जेवल्या. पत्रावळ उकिरड्यात गेली की तिचे खत होते, गाईने खाल्ली तरी तिचे पोट बिघडत नाही. अडचण एवढीच की आमच्याकडे बांधावरचा पळस गेला, तिथे प्लॉट पडले. तेव्हा पत्रावळी बाहेरून आणाव्या लागतात, आणि त्या आयत्या वेळी मिळत नाहीत. महिनाभर आधी सांगावे लागते. पुष्कळशा चांगल्या गोष्टी केवळ आदल्या दिवशी आठवतात म्हणून बुडतात.

उष्ट्याचे मात्र वेगळे सांगतो, कारण तिथे दोष भांड्याचा नाही, आपल्या आग्रहाचा आहे. "घ्या हो, एक घ्याच" म्हणत वाढप्याने जिलबी टाकायची, पाहुण्याने हात आडवा धरायचा आणि तरी ती हाताच्या फटीतून पानात पडायचीच! याला आपण पाहुणचार म्हणतो. मी वाढपी पोरांना एकच सांगतो, आधी निम्मे वाढा आणि दोनदा फिरा. मागेल त्याला पोटभर मिळते आणि न मागणाऱ्याच्या पानात राहत नाही.

कोणी म्हणेल, एवढ्या माणसांना शिस्त लागणार कशी? यालाही उत्तर आपल्या घरातच आहे. हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला जी घडी घालून दिली ती आजही मोडलेली नाही. दिंड्यांना क्रमांक आहेत. रथापुढच्या दिंड्या आणि रथामागच्या दिंड्या ठरलेल्या आहेत. ज्या त्या दिंडीचा स्वयंपाक, पाणी आणि सामानाची गाडी वेगळी. मुक्कामाला समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावला की सारा समाज एकदम शांत होतो. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ वाजत राहतात. चोपदार तिथे जातो, तक्रार ऐकतो, निवाडा होतो आणि मग टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्या वस्तूही तिथेच पुकारल्या जातात. कर्णा नाही, कागद नाही. सभाशास्त्राची पुस्तके मी वाचली आहेत, पण इतका सुटसुटीत नियम मला त्यांत आढळला नाही.

अर्थात वारीतही सारे गोड होते असे नाही. पालखी पुढे गेली की मागच्या गावाला घाणीचा त्रास व्हायचा, आणि भक्तीपोटी कोणी बोलायचे नाही. 2015 पासून 'निर्मल वारी'च्या नावाने मुक्कामांवर तात्पुरती शौचालये उभी राहू लागली, स्वयंसेवक पहाटे उठून लोकांना तिकडे वळवू लागले. पंढरपुरात न्यायालयाच्या आदेशाने नदीच्या वाळवंटात तंबू-राहुट्या टाकायला मनाई झाली आणि दिंड्यांची सोय 65 एकरांच्या जागेवर झाली. इतक्या जुन्या सोहळ्याला सवय बदलता आली. मग आपल्या सात दिवसांच्या सप्ताहाला का येऊ नये?

गाडगेबाबांचे नाव घेतल्यावाचून हा विषय पुढे जात नाही. 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला हा माणूस 20 डिसेंबर 1956 रोजी गेला. गावात आला की आधी खराटा घेऊन रस्ते झाडायचा आणि रात्री कीर्तनाला उभा राहायचा. दिवसा गाव स्वच्छ आणि रात्री मन स्वच्छ, असा क्रम. 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले त्याला त्यांचे नाव दिले ते योग्यच झाले. पण मला त्यांच्या कीर्तनाची दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ते समोरच्या माणसांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर काढून घ्यायचे. श्रोता तिथे नुसता बसलेला नसे, त्याला बोलावे लागे.

आता आपला मांडव पाहा. बुवा उभे आहेत, मृदंग लागला आहे, टाळकरी घामाघूम झाले आहेत आणि निम्मे श्रोते मोबाइल उंच धरून चित्र घेत आहेत. अरे, तो अभंग तुझ्यासमोर चालला आहे ना! घरी जाऊन तू तो पुन्हा पाहणार आहेस का? माझा अनुभव असा की जिथे ऐकणे पातळ होते तिथे सजावट दाट होते. कीर्तनात मन लागेना म्हणून कमान मोठी, कमान मोठी म्हणून दिवे जास्त, दिव्यांसाठी जनित्र, आणि जनित्राचा आवाज झाकायला कर्णा आणखी मोठा. कायद्याने वस्तीत दिवसा आवाजाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्री 10 नंतर 45 आहे. डेसिबलचा हिशेब साधा बेरजेचा नाही, बरं का. दहा वाढले की आवाजाची शक्ती दसपट होते. म्हणजे 55 चे 85 झाले तर हजारपट! ज्याच्या घरात तान्हे मूल आहे त्याला विचारा.

म्हणून आमच्या वस्तीवरच्या सप्ताहात आम्ही दोन गोष्टी केल्या. बसायची जागा गोल आणि बुवांच्या जवळ केली, त्यामुळे लहान कर्णा पुरला. आणि शाळेतल्या मुलांना रोज एकेकाला वीणेच्या पहाऱ्यावर उभे केले. वीणा खाली ठेवता येत नाही, तेव्हा त्या तासात मोबाइल हाती घेण्याचा प्रश्नच नाही! बिहारकडचा एक कामगार रात्रपाळी करून पहाटे काकड्याला यायचा. त्याला शब्द कळत नव्हते, पण ताल कळत होता. तिसऱ्या दिवशी तो टाळ घेऊन रांगेत उभा राहिला.

वाहनांचे थोडक्यात सांगतो. लांबच्या पाहुण्यांनी एकेकट्याने गाडी आणण्यापेक्षा वस्तीगणिक एक टेम्पो करावा. खर्चही वाटला जातो.

हे सारे ठरवायचे कधी? वर्गणीच्या पहिल्या बैठकीत. त्या बैठकीत बुवा कोण, आचारी कोण आणि मांडववाला कोण हे ठरते. तिथेच चौथा माणूस ठरवा, मागे राहणाऱ्या कचऱ्याचा. ओला वेगळा, सुका वेगळा, ओल्यासाठी खड्डा कुठे, सुका उचलून नेणार कोण, हे त्याने पाहायचे. त्याचे नाव पत्रिकेत अन्नदात्यांच्या शेजारी छापा. नाव छापले की माणूस जबाबदारी टाळत नाही, हा आपल्या समाजाचा स्वभाव मी चांगला ओळखून आहे. आमच्याकडे पहिल्या वर्षी हे काम माझ्याकडेच आले. सुचवले अण्णांनी.

काल्याच्या दिवशी संध्याकाळी मांडव सुटला तेव्हा सुका कचरा दोन गोणी भरला. अण्णांनी त्या स्वतः उपसून पाहिल्या. तळाशी एक चंदेरी ताटली निघाली. त्यांनी ती माझ्यासमोर फाडली, पापुद्रा सुटून आला. ती कोणी आणली होती याचा तपास अजून चालू आहे.