परतलेल्या मुलाचा पहिला दिवस

(प्राथमिक शिक्षकांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



अध्यक्षपदाच्या मानाबद्दल आभार मानण्याचा शिरस्ता मी मनापासून पाळतो. परंतु शिक्षकांच्या सभेत शिक्षकानेच विनयाचा विस्तार करणे म्हणजे तास सुरू झाल्यावरही फळा पुसत राहणे होय, म्हणून विषयालाच हात घालतो.

विद्यार्थ्यांची अनियमित उपस्थिती हा प्रश्न आपल्या खात्याइतकाच जुना आहे, आणि त्यावरचा ‘पालकांची उदासीनता’ हा शेराही तितकाच जुना आहे. तपासणीच्या दप्तरात हे दोन शब्द उतरले की लिहिणाऱ्याची जबाबदारी संपते, वाचणाऱ्याचे समाधान होते आणि मूल मात्र जिथे होते तिथेच राहते.

हा शेरा पटला की उपाय म्हणून सक्ती पुढे येते; परंतु ज्यांनी शिक्षणाच्या सक्तीचा पुरस्कार केला त्यांची थोरवी कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुल्यांनी निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचा प्रयोग आरंभून १९०६ साली तो सबंध बडोदे संस्थानास लागू केला. गोखल्यांचे सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक १९१२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले, तरी त्यानंतर पाचच वर्षांनी शाहू छत्रपतींनी करवीर संस्थानात सक्तीचा कायदा केला आणि मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. हा दंड आपल्या स्मरणात पक्का राहिला आहे. पण ज्या राजाने तो बसवला त्यानेच १९०१ साली कोल्हापुरात जातीजातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास आरंभ केला होता, आणि ज्या निवेदनात फुल्यांनी सक्ती मागितली त्यातच त्यांनी शिष्यवृत्त्या व बक्षिसेही मागितली होती, याची आठवण मात्र आपण सोयीस्करपणे ठेवत नाही. ज्याच्या घरी मुलाच्या राबण्यावर चूल पेटते, त्याच्याकडून मूल मागण्याआधी त्याच्या अडचणीचा बंदोबस्त केला पाहिजे, हा व्यवहार त्या पिढीला आपल्याहून अधिक कळत होता असे म्हणणे मला भाग आहे.

या व्यवहाराचे सर्वांत निर्मळ उदाहरण मला डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर दिसते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेले बालशिक्षणाचे कार्य १९५७ साली कोसबाडला नेले, तेव्हा वारली मुले शाळेत का येत नाहीत याचे उत्तर त्यांना कोणत्याही अहवालात शोधावे लागले नाही. मुले गुरांमागे होती. गुरे सोडून शाळेत या, असे त्या मुलांना सांगण्याऐवजी या दोन बायांनी शाळाच कुरणात नेली आणि तिला कुरणशाळा हे नाव दिले. तसेच, थोरली बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दिवसभर घरी अडकते हे ध्यानी आल्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छत्राखाली आणून विकासवाडी उभी केली. धाकटे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. येथे कोणाला उपदेश नाही, दंड नाही, प्रमाणपत्र नाही. गैरहजेरीची सबब खरी आहे असे मानून ती दूर केली, एवढेच.

आता आपल्या दाराशी येतो. दसरा-दिवाळी सरली की मराठवाड्यातील गावेच्या गावे ओस पडतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसार चढतो, आणि साखर कारखान्याच्या गाळप हंगामाबरोबर मुलेही उसाच्या फडावर जातात. परततात ती उन्हे तापल्यावर. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, पुढे गावातच हंगामी वसतिगृहे निघाली, म्हणजे मूल आजीआजोबांपाशी राहील आणि त्याच्या जेवणाची सोय होईल. योजना उत्तम, मात्र हंगाम सुरू झाल्यावर वसतिगृहाची मंजुरी येते तिथे बैलगाडी केव्हाच गेलेली असते, हे या सभागृहातील पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिले आहे.

उत्तेजनाच्या योजनांकडेही असेच तारतम्याने पाहावे लागेल. १९९५ साली केंद्र सरकारने आहार योजना सुरू केली तेव्हा आपल्याकडे ऐंशी टक्के उपस्थिती असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळत असे. ज्या घरात तांदळाची गरज सर्वाधिक, त्याच घरातील मूल बहुधा ऐंशीला पोचत नसे. पुढे २००१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शिजवलेले अन्न द्यावे असे ठरले, आणि जो आज आला तो आज जेवला, इतका साधा हिशेब झाला. दारिद्र्यरेषेखालील मागास घटकांतील मुलींना मिळणारा दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ताही हेतूने स्तुत्य. पण कित्येक वर्षे तो एकच रुपया राहिला, तेव्हा तो देणाऱ्यास पुण्य आणि घेणारीस नाण्याचा आवाज, यापलीकडे काही उरले नाही. आणि शंभर टक्के उपस्थितीचे ते वार्षिक बक्षीस! ते ज्याला मिळते तो तसाही आला असता; ज्याला ताप आला, ज्याच्या आईला बाळंतपणासाठी नेले, त्याने जुलैतच ते गमावले, आणि मग उरलेले वर्ष त्याला त्या बक्षिसाचा काडीचाही उपयोग नाही. मी मुख्याध्यापक असतो तर ते बंद केले असते.

माझे म्हणणे असे आहे की, मूल किती दिवस आले नाही यापेक्षा ते परतले त्या दिवशी काय घडले, यावर पुढची हजेरी ठरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली आणि छडी बहुतेक ठिकाणी गेली. पण ‘काय राजे, आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं?’ हे वाक्य गेलेले नाही. वर्ग हसतो, बाईही हसतात, त्यात दुष्टावा नसतो. मात्र चार महिने फडावर पाचटाच्या खोपीत राहिलेली मुलगी त्या हसण्याने जे समजायचे ते समजते. तिच्या वहीत भागाकार नाही, तिच्या बाकावर दुसरी बसली आहे, कवायतीच्या रांगेत तिची जागा उरलेली नाही. दुसऱ्या दिवशी ती आली नाही तर हजेरीपटावर आपण कोणती सबब लिहिणार?

यासाठी वेगळा निधी लागत नाही. परतणाऱ्या मुलाची बाकावरची जागा राखून ठेवावी. एका सोबत्याकडे त्याच्या राहिलेल्या वह्यांचे काम द्यावे. पहिल्या आठवड्यात चाचणी घेऊ नये. आणि घरी जायचे ते तगादा लावायला नव्हे, तर ‘तू नव्हतास, तेव्हा वर्गात आम्हाला जाणवले’ इतके सांगायला जावे. शिक्षकाच्या मानेवर माहितीपत्रकांचे आणि निवडणुकीच्या कामांचे जोखड असताना हे सांगणे सोपे नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच अशैक्षणिक कामांविषयीचा ठराव आपण आधी घ्यावा आणि उपस्थितीचा त्यामागून, असे मी विषयनियामक समितीस सुचवले आहे. उपस्थितीच्या ठरावाच्या मसुद्यात ‘गैरहजर विद्यार्थ्यांच्या पालकांवर कारवाई’ असे शब्द आले आहेत. ते वगळून त्या जागी हंगामी वसतिगृहांची मंजुरी दसऱ्यापूर्वी मिळावी आणि परतलेल्या मुलांसाठी प्रत्येक शाळेत पंधरा दिवसांची वेगळी सोय असावी, अशी उपसूचना अध्यक्षाच्या नात्याने नव्हे तर एक प्रतिनिधी म्हणून मी मांडतो, आणि तिच्यावरील चर्चेच्या वेळी हे आसन उपाध्यक्षांकडे सोपवतो. पहिला ठराव मांडण्याची सूचकांना विनंती आहे.